मैदानात धावत जाणाऱ्याला किती काळ बाहेर ठेवावे?

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नस्र यांच्यात एएफसी चॅम्पियन्स लीग टू स्पर्धेचा सामना झाला. क्रिस्तियानो रोनाल्डो संघाबरोबर गोव्यात आला नाही, याची अनेकांना हळहळ वाटली. एफसी गोवा १-२ असा हरला, पण दोन गोलांनी मागे पडल्यावर ब्रायसन फर्नांडिसने केलेला गोल गोव्याचा फुटबॉलप्रेमी सहजी विसरणार नाही. त्या सामन्याची दुसरी आठवण मात्र सुखद नाही. एक प्रेक्षक गॅलरीतून निसटून मैदानात धावत गेला आणि त्याने अल नस्रचा खेळाडू जोआव फेलिक्स याच्याबरोबर सेल्फी काढण्याचा प्रयत्न केला. या प्रकाराबद्दल आशियाई फुटबॉल महासंघाने एफसी गोवा क्लबला दंड केला.

तेव्हापासून फोंड्यातील आमच्या घरी आणि मित्रमंडळीत एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. मडगावच्या महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा म्हणतो, ‘‘मामा, त्याने कोणाला मारले नाही, काही फेकले नाही, नुसता फोटो काढायला गेला. तेवढ्यासाठी माणसाला स्टेडियमचे दार बंद करायचे?’’ उलट, एफसी गोवाचा एकही घरचा सामना न चुकवणारे माझे एक स्नेही म्हणतात की, अशा माणसाला आयुष्यात पुन्हा फातोर्ड्यात पाऊल ठेवू देऊ नये. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. मैदानात घुसणाऱ्यावर स्टेडियमबंदी घालणे न्याय्य आहे, असे मी पूर्ण विचारांती मानतो. मात्र ती बंदी त्या एका माणसापुरती असावी, तिला मुदत असावी, ती घालण्याआधी त्याचे म्हणणे ऐकलेले असावे आणि ती घालणाऱ्या आयोजकाने आपले स्वतःचे कर्तव्यही पार पाडलेले असावे. यातली एकही अट सुटली, तर ती शिक्षा न राहता केवळ राग काढणे ठरते.

भाच्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो वरवर पाहता फार प्रामाणिक आहे. सेल्फीसाठी धावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे बहुतेक वेळा खरेच असते. परंतु त्याच्या मनात काय आहे हे त्या क्षणी त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते. खेळाडूला दिसतो तो आपल्या दिशेने वेगाने येणारा एक अनोळखी माणूस, ज्याचा हात खिशात आहे किंवा पाठीमागे आहे. १० मार्च २०१९ रोजी बर्मिंगहॅम सिटी आणि अॅस्टन व्हिला यांच्या सामन्यात असाच एक जण धावत आला आणि त्याने व्हिलाच्या जॅक ग्रीलिशला मागून येऊन ठोसा मारला. ग्रीलिश सावरला, खेळत राहिला आणि सामन्याचा एकमेव गोल त्यानेच केला, म्हणून ती घटना आज एखाद्या शौर्यकथेसारखी सांगितली जाते. पण मारणाऱ्याच्या हातात शस्त्र असते, तर तीच गोष्ट कशी संपली असती याचा विचार करून पाहावा. १९९३ मध्ये हॅम्बुर्गला टेनिस कोर्टावर मोनिका सेलेसच्या पाठीत सुरी खुपसणारा माणूसही प्रेक्षकच होता.

शिवाय कोणताही हेतू नसताना इजा होऊ शकते. २०२४ च्या युरो स्पर्धेत उपांत्य सामन्यात फ्रान्सला हरवून स्पेनचे खेळाडू आनंद साजरा करत असताना एक प्रेक्षक आत घुसला. त्याच्यामागे धावणारा सुरक्षारक्षक घसरला आणि थेट स्पेनचा कर्णधार अल्वारो मोराता याच्या पायावर आदळला. अंतिम सामना अवघ्या काही दिवसांवर होता. मोराता त्यात खेळू शकला हे त्याचे नशीब. त्याच स्पर्धेत डॉर्टमुंडला पोर्तुगाल आणि तुर्कस्तान यांच्या सामन्यात प्रथम एक लहान मुलगा आत आला, रोनाल्डोने हसून त्याच्याबरोबर छायाचित्र काढू दिले आणि त्यानंतर एकामागून एक आणखी माणसे आत येऊ लागली. पोर्तुगालचे प्रशिक्षक रॉबेर्तो मार्तिनेझ यांनी सामन्यानंतर याबद्दल चिंता व्यक्त केली होती आणि ती रास्त होती. पहिल्याला मिळालेले हास्य पुढच्यांना आमंत्रणासारखे वाटले. आज मैदानात जाऊन काढलेला फोटो म्हणजे काही तासांची प्रसिद्धी असते आणि ती प्रसिद्धी मिळते हेच पुढच्या घुसखोरीचे कारण ठरते. दूरचित्रवाणीवाले अशा वेळी कॅमेरा दुसरीकडे वळवतात, हे चांगलेच आहे; परंतु गॅलरीतल्या हजारो मोबाइलपुढे त्या संयमाला फारसा अर्थ उरलेला नाही.

तरीही केवळ धोका आहे एवढ्यावरून मी बंदीचे समर्थन केले नसते. माझ्या मताचे खरे कारण इंग्लंडच्या इतिहासात आहे आणि ते मला थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते.

सत्तरच्या दशकात इंग्लंडमधील स्टेडियममध्ये प्रेक्षक मैदानात उतरून मारामाऱ्या करू लागले, तेव्हा अनेक क्लबांनी गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये उंच लोखंडी जाळ्या उभ्या केल्या. त्या जाळ्यांना अरुंद दारे होती आणि ती पोलिसांच्या ताब्यात असत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात लेपिंग्ज लेन या रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीतील बंदिस्त कप्प्यांमध्ये पोलिसांच्या चुकीमुळे प्रमाणाबाहेर माणसे शिरली. पुढे जाळी होती आणि मागून लोंढा येत होता. श्वास घेता येईना म्हणून माणसे जाळीवर चढू लागली, तेव्हा पोलिसांना सुरुवातीला वाटले की हे मैदानात घुसण्याचा प्रयत्न करत आहेत. त्या दुर्घटनेत पुढे ९७ जणांचा मृत्यू झाला. मैदानात कोणी घुसू नये या एका भीतीपायी माणसांना पिंजऱ्यात उभे केले आणि त्याच भीतीपायी ती गुदमरत आहेत हे ओळखायलाही उशीर झाला.

या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. जाळ्या हटवण्याच्या दिशेने आणि सगळ्या प्रेक्षकांना बसायला खुर्च्या देण्याच्या दिशेने इंग्लिश फुटबॉल त्या अहवालामुळे वळले. परंतु जाळी काढल्यावर माणसाला आत जाण्यापासून काय रोखणार, हा प्रश्न टेलर यांनी टाळला नाही. मैदानात विनाकारण उतरणे हा स्वतंत्र गुन्हा असावा, असे त्यांनी सुचवले आणि १९९१ च्या फुटबॉल गुन्हेविषयक कायद्याच्या चौथ्या कलमाने ते प्रत्यक्षात आणले. अधिकार नसताना किंवा कायद्याला मान्य होईल असे कारण नसताना खेळाच्या जागेत जाणे हा तेव्हापासून तिथे गुन्हा आहे. दोषी ठरलेल्यावर न्यायालय १९८९ च्या फुटबॉल प्रेक्षक कायद्याखाली बंदीचा आदेशही देऊ शकते. तुरुंगवास झाला नसेल तर हा आदेश तीन ते पाच वर्षांचा असतो आणि झाला असेल तर सहा ते दहा वर्षांचा.

माझे सगळे म्हणणे या एका अदलाबदलीवर उभे आहे. लोखंडाने सगळ्यांना अडवायचे, की कायद्याने चुकणाऱ्या एकाला अडवायचे, यात मी निःसंकोचपणे दुसरी बाजू घेतो. आज फातोर्ड्याला पहिल्या रांगेत बसलेला बाप आपल्या लहान मुलीला कॉर्नर घेणारा खेळाडू जवळून दाखवू शकतो, कारण त्या बापावर विश्वास टाकलेला आहे. जो माणूस तो विश्वास मोडून आत धावतो, तो हे जवळून पाहण्याचे सुख सर्वांसाठी धोक्यात आणतो. त्याला काही काळ बाहेर ठेवले नाही, तर आयोजक पुढच्या वेळी सगळ्यांच्याच समोर जाळी उभी करतील.

आम्हा गोवेकरांना हे समजायला कठीण जाऊ नये. आमच्या गावांतील फुटबॉल कापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतात आणि चुन्याच्या रेषा मारलेल्या मैदानांवर वाढले. तिथे कुंपण नसते. प्रेक्षक टचलाइनपासून हातभर अंतरावर उभे असतात, थ्रो घ्यायला खेळाडू आला की दोन पावले मागे सरतात आणि पुन्हा पुढे येतात. गोल झाला की पोरे आत धावतात आणि मध्यरेषेवर चेंडू ठेवला जाण्याआधी परत आपल्या जागी येतात. मी अनेक वर्षे आमच्या गावच्या स्पर्धेच्या समितीत काम केले आहे आणि दुपारच्या उन्हात त्या रेषेवर उभे राहून माणसांना मागे सारण्याचे कामही केले आहे. आत धावणाऱ्या प्रत्येक पोराकडे गुन्हेगार म्हणून पाहणे मला शक्य नाही. मैदानात पाऊल पडणे हे मुळातच पाप आहे, असे मानणारा माणूस गोव्याच्या फुटबॉलमध्ये वाढलेला नसणार.

म्हणूनच सगळ्या घुसखोऱ्या एकाच मापाने मोजल्या जाऊ नयेत, असे मला ठामपणे वाटते. १९७२ मध्ये हेरफर्डसारख्या छोट्या संघाकडून रॉनी रॅडफर्डने न्यूकॅसलविरुद्ध गोल केला, तेव्हा शेकडो मुले चिखलातून मैदानात धावली आणि ते दृश्य एफए कपच्या परंपरेचा अभिमानास्पद भाग म्हणून पुढे कित्येक वर्षे दाखवले गेले. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या हिबर्नियन संघाने ११४ वर्षांनंतर स्कॉटिश कप जिंकला, तेव्हाही हजारो माणसे हॅम्पडन पार्कच्या हिरवळीवर उतरली. त्यातल्या काहींनी प्रतिस्पर्धी खेळाडूंना त्रास दिला आणि ते निंद्यच होते. पण आजोबांपासून नातवापर्यंत ज्यांनी हा क्षण कधी पाहिला नव्हता, अशा माणसांचे रडत रडत आत येणे आणि खेळ चालू असताना मोबाइल पुढे धरून आत पळणे यांना मी एकच शब्द लावणार नाही.

मात्र आनंदाच्या नावाखाली सगळे माफ करावे, असेही मला म्हणता येत नाही. १७ मे २०२२ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टने प्लेऑफचा, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या लढतींचा, उपांत्य सामना जिंकल्यावर घरचे प्रेक्षक आनंदाने आत उतरले आणि त्यांच्यातल्याच एकाने शेफील्ड युनायटेडच्या बिली शार्पला धावत येऊन डोक्याने धडक मारली. शार्प बाजूला शांतपणे उभा होता. धडक मारणाऱ्याला २४ आठवड्यांचा तुरुंगवास झाला आणि दहा वर्षांची फुटबॉलबंदीही झाली. तो अनेक वर्षे क्लबचे सीझन तिकीट घेणारा निष्ठावंत प्रेक्षक होता, हे मला त्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. गर्दी आनंदात असली की तिच्यातला एक माणूस काय करील, हे गर्दीलाही ठाऊक नसते. त्यामुळे सामना संपल्यावर आत उतरणेही नियमाविरुद्धच राहावे. शिक्षा ठरवताना मात्र सामना चालू होता की संपला होता आणि खेळाडूला स्पर्श झाला की नाही, याचा हिशेब झालाच पाहिजे.

त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर जुलै २०२२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आणि तिथल्या लीगांनी नवे नियम जाहीर केले. मैदानात घुसणाऱ्याची ओळख पटली की त्याच्या क्लबने त्याच्यावर किमान एक वर्षाची बंदी आपोआप घालायची आणि लहान मूल आत गेले, तर त्याच्याबरोबर आलेल्या पालकालाही ती लावता येईल, असे त्यात होते. किमान मुदत आधीच ठरलेली असणे मला पटते, कारण त्यामुळे प्रत्येकाला समान वागणूक मिळते आणि ओळखीपाळखीच्या माणसाला सोडून देण्याची वाट बंद होते. सहा-सात वर्षांच्या मुलाला हातातून सोडणाऱ्या पालकाला जबाबदार धरणेही समजू शकते, परंतु पंधरा वर्षांच्या मुलाच्या धावण्याची शिक्षा आईला देणे मला अन्यायाचे वाटते. ‘आपोआप’ ही कल्पना तर मला मुळीच पटत नाही आणि तिला माझा विरोध का आहे, हे एका गावाकडच्या प्रसंगावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात एका स्पर्धेच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली गेली आणि एका बाजूचे प्रेक्षक रेफरीला घेरण्यासाठी आत शिरले. आयोजक क्लबने मोबाइलवरचे चित्रीकरण पाहून आत शिरलेल्यांची यादी केली आणि त्या सर्वांना पुढच्या वर्षी मैदानावर येण्यास मनाई केली. त्यात एक मुलगा असा होता, जो गर्दीच्या लोंढ्याबरोबर आत ओढल्या गेलेल्या आपल्या लहान चुलत भावाला उचलून आणायला धावला होता. चित्रीकरणात तो आत पळताना दिसत होता आणि भावाला घेऊन बाहेर येताना कॅमेरा दुसरीकडे होता. त्याला कोणी विचारलेच नाही. त्याच्या वडिलांनी समितीच्या बैठकीत जाऊन सांगितले, तेव्हा यादी एकदा जाहीर झाली आहे, आता एका नावासाठी ती बदलली तर बाकीचेही येतील, असे उत्तर त्यांना मिळाले. इंग्लंडच्या कायद्यात ‘मान्य होईल असे कारण नसताना’ हे शब्द अशाच मुलासाठी आहेत. आपोआप लागू होणाऱ्या बंदीत ते शब्द वाचायला कोणी बसलेलेच नसते.

या बाबतीत जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा एप्रिल २०१८ चा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. ते प्रकरण मैदानात घुसण्याचे नव्हते. २००६ मध्ये ड्युइसबर्ग आणि बायर्न म्युनिक यांच्या सामन्यानंतर झालेल्या झटापटीत बायर्नच्या सोळा वर्षांच्या एका समर्थकाचे नाव आले, त्याच्याविरुद्धची फौजदारी चौकशी किरकोळ बाब म्हणून थांबवली गेली, पण देशभरातील स्टेडियममध्ये जाण्यास त्याला २००८ पर्यंत बंदी घातली गेली. मुलगा न्यायालयात हरला. बंदी कायम ठरली. परंतु न्यायालयाने ठरवून दिलेली तत्त्वे त्याच्या हरण्यापेक्षा मोठी आहेत. स्टेडियम खासगी मालकाचे असले तरी ते सर्वांसाठी खुले केलेले आहे आणि त्यातून वगळले जाणे म्हणजे समाजजीवनाच्या एका भागातून वगळले जाणे होय. म्हणून मालकाला मनाला येईल तशी बंदी घालता येणार नाही. तिला वस्तुस्थितीचा आधार हवा, शक्य तेथे संबंधिताचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि त्याने विचारल्यास कारणे दिली पाहिजेत.

फातोर्ड्याच्या बाबतीत तर हा युक्तिवाद अधिकच बळकट होतो. ते स्टेडियम कोणा उद्योगपतीचे नसून गोवा क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे सार्वजनिक मालकीचे आहे आणि गोव्यात वरच्या दर्जाचे व्यावसायिक फुटबॉल पाहायचे तर आज दुसरी जागाच नाही. लंडनमध्ये एका क्लबने दार बंद केले, तर दुसऱ्या दहा क्लबांची दारे असतात. सासष्टीतल्या किंवा फोंड्यातल्या मुलाला फातोर्ड्याचे दार बंद झाले, तर त्याला आपला संघ फक्त पडद्यावर पाहावा लागतो. म्हापशाचे दुलेर आणि वास्कोचे टिळक मैदान त्याच्यासाठी खुले राहील, राहावेच; पण शिक्षा लहान नाही, हे ती देणाऱ्याने ओळखले पाहिजे. जी शिक्षा एवढी जाणवणारी आहे, ती नैसर्गिक न्यायाचा पहिला नियम, म्हणजे आधी त्याचे म्हणणे ऐकण्याचा नियम, पाळूनच दिली गेली पाहिजे.

आपल्या देशातील अडचण अशी की, या विषयाला नेमका लागू पडणारा कायदाच नाही. मैदानात घुसणाऱ्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमाकडे, म्हणजे फौजदारी अतिक्रमणाकडे वळता येते. पण त्या कलमात जागा ताब्यात असलेल्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा, नाही तर एखादा गुन्हा करण्याचा हेतू लागतो. विराट कोहलीच्या पायांना हात लावायला धावणाऱ्या किंवा फेलिक्सबरोबर फोटो काढू पाहणाऱ्या पोराचा तसा हेतू होता, हे सिद्ध करणे सोपे नाही आणि त्याला तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेच्या छायेत उभे करणे योग्यही नाही. ज्या वयात माणूस नोकरीसाठी अर्ज करत असतो, त्या वयात पोलीस ठाण्यातील नोंद ही स्टेडियमबंदीपेक्षा कितीतरी जड असते. क्लबने आणि क्रीडा प्राधिकरणाने मिळून केलेली, लेखी नियमांवर आधारलेली बंदी हाच इथे मधला आणि माणुसकीचा मार्ग आहे.

बंदीचा आणखी एक उपकार आहे, ज्याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. नंतर शिक्षा होणार आहे अशी खात्री असली, तर तिथल्या तिथे मारहाण करण्याची गरज उरत नाही. आपल्याकडे घुसलेल्याला पकडून बाहेर नेताना चार तडाखे देणे वावगे मानले जात नाही आणि गॅलरीतून त्याला टाळ्याही पडतात, हे मला नेहमी लाजिरवाणे वाटते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील मलांग येथील कांजुरुहान स्टेडियमवर अरेमा संघ पर्सेबायाकडून २-३ असा हरला आणि काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि गॅलरीच्या दिशेनेही अश्रुधूर सोडला. धुरापासून पळणारी माणसे दारांशी चेंगरली आणि १३५ जणांचे प्राण गेले. फिफाच्या सुरक्षा नियमांत असा वायू वापरण्यास मनाई आहे. मैदानात उतरलेल्यांची ओळख पटवून त्यांना वर्षभर बाहेर ठेवण्याचा शांत मार्ग त्या रात्री निवडला असता, तर एवढी माणसे आपल्या घरी पोहोचली असती.

आयोजकांची जबाबदारी मी सुरुवातीलाच अट म्हणून घातली, ती याच कारणासाठी. १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या युवा भारती क्रीडांगणावर लिओनेल मेस्सीला पाहण्यासाठी लोकांनी हजारो रुपये मोजले होते. तो आला, मान्यवरांच्या आणि छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गराड्यात काही वेळ फिरला आणि गॅलरीतल्यांना तो धड दिसण्याआधीच निघून गेला. मग खुर्च्या, बाटल्या फेकल्या गेल्या आणि लोक मैदानात घुसले. नासधूस करणाऱ्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु तिथे ज्या मान्यवरांनी अधिकार नसताना हिरवळीवर गर्दी केली, त्यांना कोणती बंदी लागू झाली, हा प्रश्न विचारल्याशिवाय गॅलरीतल्या माणसाला दोष देण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. सामना संपताच पास लटकवून खेळाडूंभोवती जमणारी मंडळी आपल्याकडे नवीन नाहीत.

राहिला दंडाचा प्रश्न. एका प्रेक्षकाच्या कृत्यासाठी महासंघ क्लबला दंड करतो आणि प्रकार वाढले तर रिकाम्या स्टेडियममध्ये सामना खेळवण्याची वेळही येऊ शकते. त्या वेळी जागेवर शांत बसलेली हजारो माणसे शिक्षा भोगतात. एका माणसावरील बंदी या सामूहिक शिक्षेपेक्षा कितीतरी न्याय्य आहे आणि भाच्याला मी हेच समजावतो. दंडाची रक्कम त्या माणसाकडून वसूल करावी का, यावर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये फटाका फेकणाऱ्या एका प्रेक्षकाच्या बाबतीत ‘होय’ असे उत्तर दिले होते. तिथल्या कायद्यात ते बसत असेल, पण क्लबच्या आवाक्याप्रमाणे ठरवलेला लाखोंचा दंड महिना पंधरा-वीस हजार कमावणाऱ्या मुलाच्या माथी मारणे मला सहन होत नाही.

आजन्म बंदीबद्दल माझ्या स्नेह्यांशी माझा मतभेद कायम आहे. खेळाडूवर हात उगारणाऱ्याचा प्रश्न न्यायालयाने हाताळावा आणि त्याला दीर्घ मुदतीची बंदीही द्यावी. पण एकोणिसाव्या वर्षी सेल्फीसाठी धावलेला मुलगा चाळिसाव्या वर्षी आपल्या मुलाला सामना दाखवू शकणार नाही, असे ठरवण्याचा अधिकार मी कोणालाही देणार नाही. इंग्लंडमध्ये न्यायालयाने बंदी घातलेल्या माणसाला मुदतीचा दोन तृतीयांश भाग उलटल्यावर ती उठवण्यासाठी अर्ज करता येतो. हिंसा करणाऱ्यालाही ही सोय मिळते, तर फोटो काढणाऱ्याला का मिळू नये?

माझ्या हाती असते तर मी फातोर्ड्यासाठी असे नियम केले असते: कोणालाही स्पर्श न करता आत गेलेल्याला एक हंगाम, खेळाडूला किंवा रेफरीला धरणाऱ्याला तीन हंगाम आणि मारहाण करणाऱ्याचे प्रकरण पोलिसांकडे. बंदीपूर्वी सात दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि क्लबबाहेरच्या एका निवृत्त न्यायाधीशाकडे अपील. हे सगळे तिकिटावर आणि प्रवेशद्वारावर मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत स्पष्ट छापलेले असावे, कारण जो नियम वाचायलाच मिळाला नाही, तो मोडल्याचा दोष पूर्णपणे वाचणाऱ्याचा नसतो.

मोबाइलवर तिकीट मित्राच्या नावाने काढून बंदी असलेला माणूस आत येईल, अशी शंका घेतली जाते. येईलही. तो आपल्या जागेवर बसून सामना पाहून गेला, तर कोणाचे काही बिघडले नाही; पुन्हा आत धावला, तर दुप्पट मुदतीची बंदी घ्यायला तो पात्र ठरेल. तेवढ्या शंकेपायी फातोर्ड्याच्या दारांवर येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा टिपणारी यंत्रे बसवावीत, अशी सूचना आता ऐकू येते आणि तिला मी विरोध करीन, कारण आठ-दहा माणसांना ओळखण्यासाठी सुमारे १९,००० माणसांना संशयित म्हणून नोंदवणे ही त्या लोखंडी जाळीचीच दुसरी आवृत्ती आहे.